खांबखांबोळी

बायको तुळशीबागेत शिरली की माझी जागा ठरलेली: विश्रामबागवाडा. परवा दुपारी तिथंच उभा होतो. वाट पाहून पाहून किती पाहणार? खांब मोजायला लागलो. सुरूच्या झाडासारखे घडवलेले सागवानी खांब, वर केळफुलांची नक्षी. दुसऱ्या बाजीरावानं १८०७ साली हौसेनं बांधून घेतलेला वाडा. पुढं तिथं संस्कृत पाठशाळा आली, १८७९ साली आग लागली, नगरपालिकेची कचेरीही बसली. माझा तिथला उद्योग वेगळाच. इकडंतिकडं बघून खांबावर हळूच टकटक करतो. भरीव आवाज आला की बरं वाटतं. कुणी पाहिलंच तर घड्याळात बघायचं.

मोजता मोजता लक्षात आलं की मी खांब नाही, खण मोजतोय. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. लहानपणी ज्या वाड्यात राहायचो, तिथली आमची भाड्याची खोली दोन खणांची, मालकांचा दिवाणखाना पाच खणांचा. चौरस फूट घरात आले ते बिल्डरबरोबर.

चौकाभोवतीच्या ओसरीत आम्ही खांबखांबोळी खेळायचो. चार खांब, पाच पोरं. राज्य असलेल्यानं मधे तगमगायचं, बाकीच्यांनी डोळ्यांनी खुणा करून खांब बदलायचे. उन्हाळ्यातसुद्धा सागवान गालाला गार लागायचं. माझा खांब जिन्याजवळचा. त्याच्या बुडाशी बसवलेल्या दगडाचा, म्हणजे तळखड्याचा, एक कोपरा उडालेला होता, तिथं अंगठा बरोबर बसायचा. आजी ओरडायची, "अरे, पाडाल वाडा!" आणि मग स्वतःच हसायची. कारण तिनं पानशेत धरण फुटलेलं पाहिलं होतं. १९६१ च्या जुलैत पुराचं पाणी शिरलं, कच्च्या विटांच्या भिंती विरघळल्या, आणि पाणी ओसरल्यावर नुसता सांगाडा उभा: खांब, तुळया, कड्या, वर पाट. "माजघरातून थेट रस्ता दिसत होता," असं ती सांगायची, जणू नवी खिडकीच काढून घेतली होती. भिंती मागाहून घातल्या. ओझं मुळात त्यांच्यावर नव्हतंच.

शनिवारवाड्याचं उलटं. १८२८ च्या आगीत लाकूड गेलं, दगड उरला. आमच्याकडं माती गेली, लाकूड उरलं. यातून काहीतरी निघतं असं मला कॉलेजात वाटायचं. काय ते आता आठवत नाही.

आमचा वाडा ना पाण्यानं गेला, ना आगीनं. तो सह्यांनी गेला. वरची कौलं उतरली, मग कड्या, मग तुळया. जुन्या सागवानाला भाव चांगला होता. ट्रकमध्ये खांब आडवे टाकलेले पाहिले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते इतके लांब होते.

मधे एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. 'वाडा' थाटाचं हॉटेल, भिंतीवर पितळी भांडी, मधोमध एक जुना खांब. हात आपोआप गेला. टकटक केली. आवाज भरीव. खाली वाकून तळखडा शोधला, तर नुसती फरशी. मग वर पाहिलं. खांब छतापर्यंत पोचतच नव्हता.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं.

मी घड्याळात बघितलं.