तुम्ही विचारलंत म्हणून: चराईबंदीच्या गावात मी शेळ्या का सोडतो

हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीचे दाखले मला देऊ नका. मी नगर जिल्ह्यातच वाढलो. चराईबंदी-कुऱ्हाडबंदीने डोंगर कसे हिरवे झाले ते पाहिलंय, आमच्या गावच्या ठरावाला हातही वर केलाय. तरी माझ्या माळावर शेळ्या येतात, कारण मीच त्यांना बोलावतो.

तिथे सुबाभूळ माजली आहे. मूळची मेक्सिकोकडची, चारा-सरपणासाठी १९७०-८०च्या दशकांत आपणच कौतुकाने लावली. तोडली की बुंध्यातून फुटव्यांचा झुबका येतो. तिच्या गर्दीत पवन्या तगत नाही, मारवेल तगत नाही, ही आमची माळाची गवतं, आणि गवत गेलं की चंडोल पक्षीही जातो. शेळी आधी पाला ओरबाडते, गवताकडे नंतर वळते. म्हणून सुबाभूळ गुडघ्याएवढी तोडायची, फुटलं की कळप आणायचा, पुन्हा फुटलं की पुन्हा. मुळांतला साठा असा आटत जातो. शेंगा वाळायच्या आत शेळ्या बाहेर, नाहीतर लेंड्यांतून बी पसरतं. नुसत्या सुबाभळीवरही ठेवायच्या नाहीत, त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्याने केस झडतात. घाणेरीच्या झुडपाला तर तोंडच लावू द्यायचं नाही. यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते. ती आम्ही कुदळीने खणतो.

यातलं बरंचसं मला एका धनगर मावशींनी शिकवलं. त्यांचाच कळप गावाने कोंडवाड्यात घातला. माळ माझा, बोलावणं माझं, पण ठराव म्हणजे ठराव. मी त्या दिवशी पुण्यात होतो. करडं वाड्यावर, म्हणजे मावशींच्या मुक्कामाच्या जागी, बांधलेली. इकडे शेळ्यांच्या कासा तटतटलेल्या, तिकडे करडं रात्रभर ओरडत राहिली. सगळ्यात लहान होतं ते वाचलं नाही. मावशी कोंडवाड्याच्या दाराशी बसून होत्या. सकाळी मी पोचलो तोवर उसनवारी करून त्यांनी दंड भरला होता. मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. "पैशाचं नाय, भाऊ. माझ्या आज्याच्या टायमाला ह्याच माळावर आमचा वाडा बसायचा. तवा हितं गवत व्हतं का नव्हतं, ते इचारा की गावाला."

मी विचारलं. जुन्या माणसांनी सांगितलं, कमरेएवढं होतं.

आता तुमची बाजू. जगातल्या १०० घातक परक्या प्रजातींच्या यादीत सुबाभूळ आहे, घाणेरी आहे आणि शेळीही आहे. यादी खोटी नाही. गॅलापागोस बेटं शेळ्यांनी इतकी उजाड केली की लाखाच्या वर शेळ्या माराव्या लागल्या. पण त्या मोकाट होत्या, मागे कुणी राखणारं नव्हतं. मावशी हाकेसरशी कळप वळवतात. तरीही माझी बोरीची रोपं शेळ्यांनी खाल्लीच, ते का लपवू? आणि ठरावाला हात वर करणारा तो मी अजून मला विचारतो: एका कळपाला मुभा दिली की दहा येतील, त्यांना कोण अडवणार? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

ग्रामसभेत मी एवढंच मागितलंय: ठराव राहू द्या, पण सुबाभळीच्या तुकड्यांत राखणीखाली चराई होऊ द्या, आणि राखणाऱ्याला रोजगार हमीइतकी तरी मजुरी द्या. गेल्या सभेत विषय पुढे ढकलला. येत्या सभेत पुन्हा मांडणार आहे.