वीज गेली आणि उजेड पडला

जुलैतली संध्याकाळ. गोव्यात फोंड्याजवळच्या एका सभागृहात आम्ही सोळा पाहुण्यांचे काळोखातले जेवण ठेवले होते: ताटात काय आहे ते न दिसता, चवीवरून ओळखत जेवायचे. वाढपी चौघेही दृष्टिहीन. झुरिकमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या ‘ब्लिंडेकू’ उपाहारगृहातही वाढायचे काम दृष्टिहीनांकडेच असते. काळोखात सराईतपणे वावरतात ते तेच.

तयारीचा निम्मा दिवस उजेड बुजवण्यात जातो. खिडक्यांना दुहेरी काळे कापड, दाराशी दोन पडदे आणि मध्ये पाच-सहा फूट जागा. पहिला पडदा पडल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. मग दिवे मालवून वीस मिनिटे आत बसून राहायचे. डोळे सरावले की एकेक चोर सापडतो: एसीवरचा आकडा, स्टॅबिलायझरचा लाल ठिपका, दाराखालची फट. त्यांवर काळी चिकटपट्टी. मोबाइल आणि हातातली घड्याळे बाहेर ठेवायची.

स्वयंपाकातली शिस्त याहून कडक. खतखत्यात, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्श्यात, मसाल्याची तिरफळे मोकळी सोडत नाही. एखादे दाढेखाली आले तर जीभ बधिर होते आणि पुढच्या पदार्थाची चव जाते. म्हणून पुरचुंडीत पंधरा बांधली आणि पंधरा मोजून काढली. सुंगटे, म्हणजे कोळंबी, शेपटीही काढून सोललेली, सोलकढी जड बुडाच्या पेल्यात, तीही पाऊणच. सुंगटे, काजू कुणाला सोसत नाहीत हे आदल्या दिवशीच विचारलेले, कारण नको ते पाहून बाजूला सारायची सोय इथे नाही. ताट घड्याळासारखे लावायचे: बाराला भात, तीनला खतखते, सहाला काप, नऊला सुंगटांचे सुके.

काप नीरफणसाचे, म्हणजे फणसाच्या जातीतल्या एका फळाचे होते. तिखट, हळद, मीठ लावून रव्यात घोळवून तळलेले, अगदी माशासारखे. काय वाढले ते शेवटी सांगायचे ठरले होते.

“बाब, इसवण झकास आहे, आणखी एक वाढा,” एका टेबलावरून आवाज आला. इसवण म्हणजे सुरमई. तेवढ्यात वीज गेली आणि भिंतीवरचा बॅटरीचा दिवा आपोआप लागला. तो सुरक्षेचा, म्हणून झाकला नव्हता. पावसात वीज जाणारच, हे मात्र हिशेबात धरायला हवे होते. वीज गेल्याचे वाढप्यांना एसी थांबल्यावरून कळले आणि उजेड पडल्याचे पाहुण्यांच्या ओरडण्यावरून. तोवर एकाने शेजारच्या ताटात अचूक सहाला काप ठेवलाही होता.

“अरे, हा तर नीरफणस!” तोंडातला घास तोच, पण मासा नाहीसा झाला होता. २००१ साली बोर्दोतल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला. पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळला, तर विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. तिथे डोळ्यांनी फसवले. इथे डोळे नव्हते, तेव्हा रव्याच्या कुरकुरीने आणि तिखटाच्या वासाने मासा उभा केला. गोव्यात त्या कुरकुरीत थराखाली बहुधा मासाच असतो.

आता तो दिवा आम्ही दोन पडद्यांच्या मध्ये लावतो आणि आत दाराशी टॉर्च घेऊन एक माणूस उभा ठेवतो.

त्या दिवशी वीज दहा मिनिटांत आली. पुन्हा मिट्ट काळोख करून तेच काप परत वाढले. या वेळी सगळ्यांना पहिल्या घासापासून नीरफणसच लागला.