आमची वाटचाल : खानापूरच्या पट्ट्यातील फिरती तपासणी

बेळगावात तपासणी साहित्याचे विक्रेते पुष्कळ आहेत. परंतु कणकुंबी, जांबोटी, लोंढा या पावसाळी पट्ट्यात वीज गेल्यावरही मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी व्हावी, यासाठी संपूर्ण संच बांधून देण्याचे काम आम्ही हाती घेतले, हे सांगायला संकोच वाटत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारे लहान सेंट्रिफ्यूज, थेंबभर द्रव मोजून घेणारे मायक्रोपिपेट, बोट टोचण्याची लॅन्सेट, रेघ उमटवून काही मिनिटांत निकाल दाखवणाऱ्या रॅपिड कार्डांची पाकिटे आणि आत तापमापक बसवलेली थंड पेटी, असा तो संच. पेटीला आतून थर्माकोलचे अस्तर माझे पहिले भागीदार स्वतः लावीत. झाकणात कागदाचा चिटोरा अडकवून ते ओढून पाहत आणि तो सहज निघाला, तर ती पेटी पुन्हा उघडली जाई. पुढे ते गोव्याला स्थायिक झाले. मधली वर्षे बरी गेली.

घाव बसला तो २०२० मध्ये. एप्रिलमध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) चीनमधून आलेल्या काही कोरोना अँटिबॉडी किटचा वापर थांबवण्यास सांगितले, आणि ते योग्यच होते. पण आमच्या भागात 'कार्डावरची तपासणीच खोटी' असा त्याचा अर्थ लावला गेला आणि मलेरियाची कार्डेही परत येऊ लागली. उधारी अडकली. त्यातच एका एजन्सीने आमच्यापेक्षा फारच कमी दराने माल ओतला. तीस अंश सेल्सिअसच्या आत ठेवायची तिची कार्डे भर उन्हाळ्यात टेंपोतून निपाणी-चिकोडीकडे फिरत, आणि ताप असलेल्या रुग्णाच्या कार्डावर रेघ उमटली नाही की बोल आम्हाला लागत.

जांबोटीकडचे एक वयस्क डॉक्टर तेवढे डगमगले नाहीत. त्यांनी एकाच रुग्णाचे रक्त आमच्या कार्डावर आणि काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पडताळले, ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले आणि पुढच्या मालाचे पैसे आगाऊ दिले. तो हंगाम आम्ही त्या पैशांवर काढला.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना, विचारले नसले तरी, सांगतो. एका किटचे बफर, म्हणजे रक्तासोबत कार्डावर टाकायचे द्रावण, दुसऱ्या किटला लावू नका. कंट्रोलची, म्हणजे कार्ड नीट चालल्याची खूण असलेली, रेघ आली म्हणजे रोग नाही असे नव्हे. कार्ड चालले एवढेच तिच्यावरून कळते. डेंग्यूची एनएस-१ तपासणी, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची तपासणी, तापाच्या पहिल्या पाच दिवसांत करावी, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेली अँटिबॉडी, पाहावे. मलेरियाच्या जंतूचे एचआरपी-२ हे प्रथिन शोधणारे कार्ड उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून बरे झाल्याचा निर्णय त्यावर घेऊ नये.

गोव्यातील कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या निदानासाठी मान्य केले, तेव्हा आता आमचे दुकान बंद होणार, असे त्या एजन्सीचा माणूस सांगत फिरला. क्षयरोगाची थुंकी आणि तापाचे रक्त यांतला फरक त्याला कोणी समजावला नसावा. ती एजन्सी आता या पट्ट्यात माल देत नाही. तिच्या उरलेल्या कार्डांच्या तक्रारींचे फोन मात्र अजून आमच्याकडेच येतात.