आमची वाटचाल : नोझलच्या कामापासून लिटरच्या हिशेबापर्यंत

आमचं गॅरेज डिझेलवरच उभं राहिलं. सुरुवातीला काम एकच, डिझेल ढकलणारा पंप आणि इंजिनात त्याचा फवारा मारणारं नोझल. एक बेंच, कॅलिब्रेशनचं जुनं मशीन, हातानं मारायचा नोझल टेस्टर आणि कपड्यांना कायमचा चिकटलेला वास. टेस्टरची दांडी दाबली की कर्र असा आवाज होऊन नोझलमधून धुक्यासारखा फवारा सुटला पाहिजे आणि दांडी सोडली की टोक कोरडं दिसलं पाहिजे. टोकाला थेंब लोंबताना दिसला की गाडीचा काळा धूर आणि पडलेलं ॲव्हरेज, दोन्हींचं कारण मिळायचं. नुकताच कामाला लागलेला नवखा पोरगाही आठवडाभरात हे ओळखायचा.

तेव्हा ‘डिझेल घेऊ की पेट्रोल’ असं कुणी विचारायचं नाही. ज्याची गाडी धंद्यात पळते तो डिझेल घेणार, हे ठरलेलं. आणि ते बरोबरही होतं. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे एका लिटरमध्येच साधारण १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा भरलेली असते. ॲव्हरेजमधला हा फरक इंधनाचा. बाकीचा इंजिनाचा. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, १० च्या आसपास, डिझेलमध्ये १६ च्या आसपास; जास्त दाबलं की तेवढ्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय डिझेलला हवा अडवणाऱ्या थ्रॉटलची गरज नसते, त्यामुळे हलक्या लोडवर हवा ओढण्यात ताकद वाया जात नाही.

मग कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून सतत जास्त प्रेशरनं डिझेल पुरवायची पद्धत. कारमध्ये ते पहिल्यांदा १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये आलं आणि पुढे सगळ्यांनीच उचललं. पूर्वीची नोझल शे-दोनशे बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) आसपास उघडायची, आता रेलमध्ये दोन हजार बारच्याही वर जाणारं प्रेशर. गाडी शांत झाली, पिकअप आला, धूर गेला. आमच्या बेंचवरचं निम्मं काम मात्र त्याबरोबर गेलं. धाकट्या भावानं गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर हातात घेतला म्हणून आम्ही टिकलो. पूर्वी नोझल बदलून भागायचं, आता बहुतेक वेळा अख्खा इंजेक्टरच बदलावा लागतो आणि तोही कोडिंग करून, म्हणजे नव्या इंजेक्टरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरून. त्यात कुणी चुकून पेट्रोल भरून इंजिन चालू केलं तर संपलंच. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. ते गेलं की पंप स्वतःलाच खरवडतो आणि लोखंडाचा चुरा रेल, इंजेक्टर सगळीकडे पसरतो.

पण ग्राहकांशी आमचं बोलणं खऱ्या अर्थानं बदललं ते डीपीएफमुळे, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरमुळे. सायलेन्सरच्या लाइनीतला हा फिल्टर काजळी अडवतो आणि भरला की स्वतःच ती जाळून टाकतो. त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. हायवेवर सलग पळणाऱ्या गाडीला याची जाणीवही होत नाही. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर एवढीच चालणारी गाडी मात्र जाळायला सुरुवात करते आणि तेवढ्यात मालक चावी फिरवून मोकळा होतो. असं वारंवार झालं की जाळण्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून पाहावी तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! मालक खूश असतो, ‘बघा, ऑइल अजिबात खात नाही.’ ते ऑइल बोटांत चोळलं तर पातळ लागतं आणि वास डिझेलचा येतो. अशा गाडीचा टर्बो किती दिवस टिकणार?

अशा गाड्या वाढायला लागल्यावर आम्ही गाडी घेण्याआधीचा सल्ला द्यायला लागलो. पैशांतला हिशेब सारखा जुना होतो, भाव रोज हलतात. म्हणून आम्ही सगळं लिटरमध्ये मांडतो. समजा पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि तीच गाडी डिझेलमध्ये २०. म्हणजे १०० किलोमीटरला ६.६७ लिटर विरुद्ध ५ लिटर. दोन्हींचा भाव सारखा धरला तर बचत १.६७ लिटरची. आता डिझेल मॉडेलसाठी जास्त मोजलेल्या पैशांत किती लिटर पेट्रोल आलं असतं ते काढायचं. २,००० लिटर धरू. ते वसूल व्हायला १,२०,००० किलोमीटर लागतात. डिझेल लिटरमागे १० टक्के महाग असेल तर हाच आकडा १,७१,००० च्या घरात जातो.

यात मेंटेनन्स अजून धरलेलाच नाही. डिझेलचा सर्व्हिसिंगचा जादा खर्च वर्षाला १०० लिटरच्या किमतीइतका धरा. वर्षाला १०,००० किलोमीटर रनिंग असेल तर बचत १६७ लिटर, त्यातले १०० गेले, उरले ६७. वसुलीला ३० वर्षं! ४०,००० किलोमीटर रनिंग असेल तर वर्षाला ५६७ लिटर उरतात आणि साडेतीन वर्षांत हिशेब फिटतो. गाडी तीच, इंधन तेच. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न ‘रनिंग किती?’ आणि लगेच दुसरा, ‘कुठे?’ बरेच जण रनिंग फुगवून सांगतात, म्हणून जुन्या गाडीचं मीटर आणि ती घेतल्याची तारीख आम्ही मागतोच.

रिसेलचा मुद्दा काही जण लगेच काढतात. विकताना डिझेलचे थोडे जास्त येत असतील तर सुरुवातीच्या फरकातून ते वजा करायचे, बरोबर आहे. पण नियम कुठे जातील त्यावर ते अवलंबून. २०१५ मध्ये फोक्सवागननं डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत फसवणूक केल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि त्यानंतर डिझेलकडे बघण्याची नजरच बदलली. हॅम्बर्गनं २०१८ मध्ये दोन रस्त्यांच्या काही भागांवर जुन्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. लंडनच्या ‘युलेझ’ भागात, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेणाऱ्या भागात, ते शुल्क टाळायचं तर पेट्रोल गाडीला युरो ४ हा प्रदूषणाचा निकष पुरतो, डिझेलला मात्र जास्त कडक युरो ६ लागतो. म्हणजे एकाच वयाच्या दोन गाड्यांपैकी एक बिनधास्त आत जाते आणि दुसरी दंड भरल्यासारखे रोज पैसे मोजते. हे कुठल्याही ॲव्हरेजच्या तक्त्यात दिसत नाही.

पेट्रोलही जागेवर थांबलेलं नाही. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शननं (पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये) त्याचं ॲव्हरेज सुधारलं आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिड पेट्रोल तर डिझेलला सरळ मागे टाकतं. वर मांडलेला १५ आणि २० मधला फरक जसा आटतो तसा वसुलीचा आकडा झपाट्यानं वाढतो. (डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, ते साफ करायचं काम आता आमच्याकडे बऱ्यापैकी येतं. तक्रार नाही.)

भाऊ अधूनमधून कुरकुरतो की डिझेलच्या कामावर आपलं पोट आणि आपणच लोकांना पेट्रोलकडे धाडतो. पण शहरात फिरणारी डिझेल गाडी डीपीएफ तुंबून आमच्या दारात आली की त्या बिलावरून होणारी वादावादी त्यालाच निस्तरावी लागते, त्यामुळे तो फार ताणत नाही. भरपूर लोड, मागे ट्रेलर, रोजचा लांबचा हायवे आणि गाडी बरीच वर्षं ठेवायची तयारी, एवढं जुळलं तर आम्ही आजही न अडखळता डिझेल सांगतो. नोझल टेस्टर अजून बेंचवर आहे. जनरेटर आणि ट्रॅक्टरवाले येत असतात.