ऑफिसातलं झाड कुणी निवडायचं?

इथे नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला आमच्या ऑफिसचा मजला नव्याने लावला, तेव्हा झाडं कोणती ठेवायची हे कंपनीने आम्हालाच विचारलं. झाडं पुरवणारा माणूस आधी एक छोटं यंत्र घेऊन आला आणि प्रत्येक टेबलापाशी किती उजेड पडतो ते मोजून गेला. मग त्या त्या जागी जगतील अशी काही झाडं दाखवून त्यातलं आपापलं निवडायला सांगितलं. कुणी निवडुंग घेतला, कुणी खाली लोंबणारा मनीप्लांट. एका सहकारी बाईंना कुंडीतल्या मातीच्या बुरशीने शिंका येतात, त्यांनी झाड नको म्हटलं. तेही ऐकलं गेलं. मी पीस लिली घेतली. पाणी कमी पडलं की ती मान टाकते आणि पाणी मिळालं की थोड्या वेळात पुन्हा उभी राहते. कामाच्या गडबडीत तहान लागल्याचं स्वतःच सांगणारं झाड मला हवं होतं.

या डच लोकांना झाडांचा व्यवहार नीट कळतो. फुलांचा आणि कुंडीतल्या झाडांचा जगातला सर्वांत मोठा लिलाव इथल्याच आल्समीरला चालतो. शिवाय हिवाळ्यात उजेडाची मारामार. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, म्हणून झाडाच्या आधी जागा बघायची हे त्यांच्या अंगवळणीच पडलंय.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते विचारणं. त्यामागे अभ्यासही आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना अगदी कोऱ्या खोलीत कामाला बसवलं. काहींच्या खोलीत झाडं आणि चित्रं आधीच लावून ठेवली होती. काहींना तीच झाडं, तीच चित्रं देऊन हवी तशी मांडायला सांगितलं. कोऱ्या खोलीच्या तुलनेत दुसऱ्या गटाचं काम १७ टक्क्यांनी जास्त झालं, तर स्वतः मांडणाऱ्यांचं ३२ टक्क्यांनी, आणि तेही चुका न वाढता.

चौथ्या गटाचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्यांनाही मांडायला दिलं आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं पुन्हा हलवून टाकलं. त्यांचं काम कोऱ्या खोलीतल्या माणसांइतकंच खाली आलं. खोलीत झाडं होती, चित्रं होती, पण उपयोग शून्य. विचारायचं आणि मग साहेबांच्या मनासारखं करायचं, हा प्रकार आपल्याकडच्या किती ऑफिसांत चालतो हे तुम्हाला सांगायला नको.

याहून जुना अभ्यास १९७६ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या एका वृद्धाश्रमातला. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना झाड हवं का आणि कोणतं हे विचारलं, आणि त्याची काळजी त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावर झाडं वाटली आणि पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. दिवसातल्या इतर लहानसहान गोष्टीही पहिल्या मजल्यावर त्यांनाच ठरवू दिल्या. तीच माणसं पुढे जास्त उत्साही आणि आनंदी दिसली.

हे सगळं मी माझ्या धाकट्या भावाला फोनवर सांगत होते. त्याने नाशिकला गंगापूर रोडवर नवं ऑफिस घेतलंय. इंटिरियरवाल्याने प्रत्येक टेबलावर पांढऱ्या कुंडीत स्नेक प्लांट, सगळीकडे सारखं, असं ठरवून टाकलं होतं. "ताई, पण ती हवा शुद्ध करतात ना?" भाऊ म्हणाला. तसं सगळीकडे लिहिलेलं असतं खरं. त्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे आणि तो प्रयोग हवाबंद पेटीत झाला होता. खेळत्या हवेच्या इमारतीत नुसत्या वायुविजनाने जेवढं साधतं तेवढं झाडांकडून साधायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशोब २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलाय. म्हणजे खिडकी उघडावी हे बरं. झाड आवडीसाठी ठेवायचं, आणि आवड ज्याची त्याची असते.

म्हणून त्याला म्हटलं, यादी बाजूला ठेव, सगळ्यांना घेऊन नर्सरीत जा. आपल्या नाशिकला नर्सऱ्यांची काय वाण आहे? दोनच गोष्टी आधी बघ. आतल्या केबिनमध्ये, काळ्या काचेमागे उजेड किती येतो ते तपास. तिथे झीझी किंवा स्नेक प्लांट तगेल, तुळस कुणाला कितीही हवीशी वाटली तरी तगणार नाही, तिला ऊन लागतं. आणि डिफेनबेकिया कुणी निवडलंच, तर त्याचा चीक तोंडात गेल्यास आग होते हे सांगून ठेव. क्लायंटची लहान मुलं ऑफिसात येतात.

पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करायच्या आणि बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी दर आठवड्याला बदलायचं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हेही आधीच ठरलेलं बरं.

आणि एक मी त्याला ठासून सांगितलं. आपल्याकडे झाडांना पाणी घालतात त्या साफसफाईच्या, चहाच्या मावशी, आणि झाडांबद्दल त्यांना कुणीच विचारत नाही. त्याने विचारलं. मावशींना पॅन्ट्रीच्या खिडकीत गवती चहा हवाय. त्या खिडकीत दुपारपर्यंत ऊन असतं, त्यामुळे तो सहज येईल. फक्त त्याचा गड्डा पसरतो, टेबलावरची छोटी कुंडी त्याला पुरायची नाही. भाऊ बारा इंची आणणार आहे.