फुलं छाटणारी बाग

'फुलं तोडू नयेत' ही पाटी वाचत आपण लहानाचे मोठे होतो. त्यामुळे सार्वजनिक उद्यानात एक बाई हातात कात्री घेऊन भराभर फुलांचे दांडे छाटताना दिसल्या, तेव्हा मी जरा दचकलोच. त्या उद्यानाच्या नोकरीतल्या माळीण नव्हत्या. उंच झाडांच्या सावलीतला हॉस्टा या पानांसाठी लावल्या जाणाऱ्या शोभेच्या झाडाचा तो पट्टा काही स्वयंसेवक हौसेनं सांभाळतात, त्यांच्यापैकी त्या एक. फुलं का काढताय, असं विचारल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "फुलं बघायची असतील तर पलीकडे गुलाब आहेत. इथे पानं बघा."

मग पानंच बघितली. आणि खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मला नुसता हिरवा रंग दिसला. डोळा सरावल्यावर कुठे फरक दिसायला लागले. एक पान चकचकीत, शेजारचं सुरकुतलेलं, एकाची कड पांढरी, दुसऱ्याची कड हिरवी आणि पोट पिवळं. 'ब्लू माउस इअर्स' या जातीचा अख्खा गड्डा टाचेखाली येईल की काय अशी भीती वाटावी एवढा ठेंगणा, तर 'एम्प्रेस वू' ही जात चांगली कमरेपर्यंत उंच आणि पाच-सहा फूट पसरलेली. हॉस्टाचं मूळ घर जपान, कोरिया, चीन. १८२३ साली डच वखारीचा डॉक्टर म्हणून जपानला गेलेल्या सीबोल्डनं तिथून युरोपात ज्या वनस्पती आणल्या, त्यांत हॉस्टाही होत्या. हिवाळ्यात वरचं सगळं झडून जातं, झाड जमिनीखाली झोपतं. ही थंडीतली झोप त्याला लागतेच; ती मिळाली नाही की ते वर्षागणिक खंगत जातं.

एका निळसर पानाकडे माझं बोट गेलं, तशी बाईंनी लगेच टोकलं. तो निळा रंग पानाचा नसतोच म्हणे. हिरव्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे ते निळं दिसतं. बोट फिरवलं की थर पुसला जातो आणि खालचं हिरवं उघडं पडतं. ऊन-पावसानं उन्हाळा सरेपर्यंत तो तसाही विरतो. म्हणजे ज्या रंगासाठी लोक लांबून येतात, तो जेमतेम अर्धा हंगाम टिकणार, आणि त्यातही हात लावायचा नाही!

पण मला सगळ्यात जास्त खटकली ती दुसरीच गोष्ट. दुरंगी हॉस्टाच्या गड्ड्यात मधूनच एखादा साधा हिरवा कोंब फुटतो. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे दुरंगी कोंब अन्न कमी तयार करतो. हिरवा भाऊ मात्र दणकट. तो तसाच राहू दिला तर काही वर्षांत सगळा गड्डा व्यापून टाकतो. म्हणून स्वयंसेवक खुरपं घेऊन नेमका सशक्त कोंब मुळासकट काढतात आणि अशक्ताला जागा करून देतात. निसर्गाचा कौल रोज फिरवत बसण्याचं हे काम, तेही बिनपगारी.

अर्थात वेगळेपणाचं हे कौतुक नेहमीच फळतं असं नाही. १९३६ साली फ्रान्सिस विल्यम्स या बाईंना अमेरिकेतल्या एका रोपवाटिकेत एकसारख्या रोपांच्या रांगेत पिवळ्या कडेचं एकच रोप दिसलं. आज ते त्यांच्याच नावानं जगभर लावलं जातं. उलट, काही ठिपकेदार, शाई फुटल्यासारखी पानं नवी जात म्हणून हौसेनं विकली गेली आणि मागाहून तो हॉस्टा व्हायरस एक्स निघाला. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकायचं. रस लागलेल्या पात्यावरून तो दुसऱ्या झाडाला जातो, म्हणून बाई एक गड्डा झाला की कात्री पुसायच्या, मगच पुढच्याला हात.

एका गड्ड्याची फुलं मात्र त्यांनी ठेवली होती. ती चीनकडची हॉस्टाची जात, प्लांटाजिनिया: पांढरी, लांब नळीची, संध्याकाळकडे उमलणारी आणि सुवासिक. मी नुसता तिकडे पाहत राहिलो, तर त्यांनी विषय बदलला.

विषयाला तोटा नव्हताच. गोगलगायी पानांची चाळण करतात, हरणं तर दांड्यापर्यंत फस्त करतात. पण सध्याची काळजी वेगळी होती. वादळात एक मोठं झाड पडलं होतं आणि त्याच्या सावलीतल्या हॉस्टांची पानं भर उन्हात कडेनं करपायला लागली होती. 'एम्प्रेस वू'चं काय करायचं, यावर तिघांची बैठक तिथेच उभ्या उभ्या भरली. एकाचं म्हणणं, गड्डा फोडून चार ठिकाणी लावा. दुसऱ्याचा सक्त विरोध. एवढा विस्तार व्हायला वर्षं लागली, फोडायचा कसा? त्यापेक्षा नवं झाड लावा आणि तोवर वर कापड ताणा. बाई म्हणाल्या, फोडा नाहीतर हलवा, पण तो खणून काढायला तुमच्या दोघांच्या पाठी चालणार नाहीत, आधी कोणीतरी तरुण माणूस शोधा.

आणि मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.