वाजणारी थंडी

नागपुरात मे महिन्याच्या रात्री अकरा वाजता कूलरच्या टाकीत शेवटची बादली ओतून मी संगणकापुढे बसतो आणि पुढचे दोन तास थंडीने कुडकुडतो. कुडकुडते ते खरे म्हणजे पडद्यावरचे माझे पात्र. पण इतक्या वर्षांच्या सहवासानंतर आम्हां दोघांत तेवढा भेद उरलेला नाही. गेम जुनाच आहे, ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेला ‘स्कायरिम’. त्यातला तो हिमाच्छादित डोंगरांचा प्रदेश, देवदारांच्या रांगा आणि रात्रीच्या आकाशात हलणारा हिरवट प्रकाश पाहून मी आरंभी थक्क झालो होतो, परंतु काही महिन्यांतच एक गोष्ट मला खटकू लागली. तिथे थंडी सगळीकडे दिसत होती, वाजत मात्र नव्हती.

मूळ गेममध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या डॉनस्टार गावातून हिमखंड तरंगणाऱ्या समुद्रात उडी मारावी, अंगावर जवळपास काही नसताना वाटेल तितका वेळ पोहावे आणि हिंडत हिंडत बाहेर यावे. साधी शिंकसुद्धा येत नाही. लढाई ऐन भरात असताना खेळ थांबवून पिशवीतली चीजची वीस चाकेच्या चाके गिळता येतात आणि त्यासरशी जखमा भरून निघतात. एकदा पाहिलेल्या गावी पुन्हा जायचे असेल, तर नकाशावर बोट ठेवले की काम झाले. थोडक्यात, गेम बनवणाऱ्यांनी खेळाडूला जावयासारखे वागवले होते, आणि जावयाला सासरचे घर खरे कसे चालते हे कधीच कळत नाही.

हा जावयाचा मान खेळाडूंनीच काढून घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये गेममध्ये फेरफार करण्याचे साधन, म्हणजे क्रिएशन किट, सर्वांना मोफत मिळाले आणि हौशी लोकांनी केलेल्या अशा फेरफारांचा, म्हणजे मॉड्सचा, पूर लोटला. त्यांतल्या ‘फ्रॉस्टफॉल’ नावाच्या मॉडचा मी जन्माचा ऋणी आहे. हे मॉड तुमच्या अंगातली ऊब आणि कपड्यांचा ओलेपणा या दोन गोष्टींचा सतत हिशेब ठेवते. कोणत्या पोशाखाने ऊब किती मिळते आणि पाऊस किती अडतो हे ते वेगवेगळे मोजते, त्यामुळे ज्या झगझगीत चिलखतासाठी आपण रक्त आटवलेले असते ते हिमवादळात निरुपयोगी ठरते आणि वास मारत असेल अशी अस्वलाच्या कातड्याची बंडी जीव वाचवते. त्याच्या जोडीला ‘कॅम्पफायर’ हे दुसरे मॉड घेतले, की लाकूडफाटा गोळा करणे, ढलप्या-काटक्या रचणे, तंबू ठोकणे असा सगळा संसार पाठीवर येतो.

एकदा विंडहेल्महून विंटरहोल्डला पायी निघालो असताना पुलाचा वळसा वाचवण्यासाठी मी नदी पोहून ओलांडली. पूर्वी शेकडो वेळा हेच केले होते. या वेळी पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा कपडे चिंब होते, अंधारून आले होते आणि बर्फ भुरभुरू लागला होता. पडद्याच्या कडा गोठल्यासारख्या पांढुरक्या होऊ लागल्या, पाय जड झाले, आणि पिशवी उघडून पाहतो तर तीन तलवारी, सोन्याच्या अंगठ्या, एका राजाची कवटी. एक सरपण सोडून सगळे होते. तेवढ्यात लांब झाडांमागे उजेड दिसला. जवळ गेल्यावर कळले की तो दरोडेखोरांचा तळ आहे. त्या तिघांशी माझे काही वैर नव्हते, पण शेकोटी एकच होती. पुढे काय घडले ते सांगण्यात भूषण नाही. एवढेच सांगतो, की लुटीसाठी मी त्या गेममध्ये असंख्य माणसे मारली असतील, परंतु त्या रात्री प्रथमच मला आपण वाईट वागलो असे वाटले.

नंतर त्या शेकोटीपाशी मी नुसता बसून राहिलो. बायको पाणी प्यायला उठली होती. ती म्हणाली, “अहो, एक वाजला. झोपायचं नाही का?” मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, “थांब, कपडे ओले आहेत.” तिने खिडकीतून गच्चीवरच्या दोरीकडे पाहिले. मे महिन्यात नागपुरात कपडे वाळायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते.

थंडीइतकाच बदल होकायंत्र दडवल्याने होतो. मूळ गेममध्ये पडद्याच्या माथ्यावर होकायंत्राची एक पट्टी असते आणि तिच्यातली खूण इष्ट स्थळाकडे सतत बोट दाखवते, त्यामुळे डोंगर, ओढे, मैलाचे दगड यांच्याकडे मान वर करून पाहण्याची गरजच पडत नाही. ‘इमर्सिव्ह एचयूडी’ या मॉडने ती पट्टी नाहीशी केली आणि मी चांगलाच तोंडघशी पडलो, कारण इथल्या कामांच्या वहीत ‘अमुक वस्तू आण’ इतकेच लिहिलेले असते. कुठून, ते सांगण्याचे काम त्या खुणेवर सोपवलेले. याच मालिकेतल्या २००२ सालच्या ‘मोरोविंड’मध्ये खूण नव्हतीच. लोक आपल्याकडच्यासारखा पत्ता सांगत, पूल ओलांडा, मग डावीकडची वाट धरा, आणि ते सगळे वहीत उतरत असे. शेवटी स्कायरिमच्या वहीत अशा वाटा लिहून देणारे मॉडही कोणीतरी चिकाटीने केले. नुसती सोय काढून घेणे कोणालाही जमते; काढलेल्या जागी काय ठेवायचे हे ज्याला सुचते तो खरा मॉडर.

जुन्या गेमला दगडाचा कण न् कण दिसेल अशी टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागांची चित्रे, चढवून त्याची छायाचित्रे काढण्यात रमणाऱ्यांचा पंथ मोठा आहे. मला ते शोकेससारख्या घरासारखे वाटते. त्यापेक्षा ‘वेट अँड कोल्ड’ या मॉडमुळे थंडीत माणसांच्या तोंडून निघणारी वाफ मला अधिक मोलाची वाटते. तिने खेळात काहीही साधत नाही, पण पहारेकरी बोलता बोलता वाफ सोडतो तेव्हा तोही माझ्याच हवेत उभा आहे अशी खात्री पटते.

हा नाद निर्वेध नाही. मूळ गेममध्ये प्लगिनची, म्हणजे मॉड ज्या फाइलींतून गेमला जोडले जाते त्यांची, कमाल संख्या २५५, आणि ती कोणत्या क्रमाने लावायची यावर सगळे अवलंबून. मी एकदा झाडे वाढवणारे आणि गावे सुधारणारे अशी दोन मॉड्स त्यांची माहिती न वाचताच एकत्र घातली, तेव्हा रिव्हरवूडच्या एका घराच्या छपरातून पाइनचे झाड वर आले होते आणि घरमालकीण त्याच्या बुंध्यातून ये-जा करत होती. कित्येक संध्याकाळी तर हा क्रम लावण्यातच सरतात. मांडव घालता घालता मुहूर्त टळावा तसे. २०१७ साली थंडी, भूक आणि थकवा यांचा अधिकृत सर्व्हायव्हल मोडही आला. तो नीटनेटका आहे, परंतु स्वतः काटक्या रचून पेटवलेल्या शेकोटीची मला सवय जडली आहे, आणि ती सोडवत नाही.

काल रात्री व्हाइटरनच्या वेशीपर्यंत गेलो होतो. डोंगरातल्या एका ड्रॅगनने उच्छाद मांडला होता आणि त्याला मारण्याचे काम माझ्याकडे होते. उत्तरेला ढग दाटले होते, पहारेकऱ्याच्या तोंडून वाफ निघत होती, पिशवीत सरपणाच्या चारच ढलप्या होत्या. मी मागे फिरलो, ‘बॅनर्ड मेअर’ खाणावळीत दहा मोहरा मोजून खोली घेतली आणि गरम रस्सा मागवला. इकडे कूलरची टाकी केव्हाच कोरडी पडली होती.